अंड्याच्या धंद्यातला बारा दिवसांचा हिशोब: जिवाणू, अँटिबायोटिक आणि तुमचा नफा



लेअर फार्मिंगचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. ५०० पक्ष्यांना शेड किती मोठं लागेल? कर्ज मिळेल का? एका अंड्यामागे किती सुटतात? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: "माझं अंडं खाऊन कुणी आजारी पडलं तर काय?"

बाजार मोठा आहे, यात शंका नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचं उत्पादन झालं. म्हणजे माणशी वर्षाला साधारण १०३ अंडी. शहरात अंडाभुर्जीच्या गाड्या वाढतायत, जिमला जाणारी पोरं रोज चार-सहा अंडी खातायत, 'गावरान अंडी' म्हणून दुप्पट भावाने माल विकला जातोय. संधी आहेच.

पण हा धंदा विश्वासावर चालतो. ग्राहक अंडं फोडून आत बघून घेत नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघून घेतो. म्हणून आज दोन न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोलू: अंड्यातले जिवाणू, आणि त्या जिवाणूंनी अँटिबायोटिकला न जुमानणं. त्याचबरोबर एक हिशोबही मांडू, जो बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसतो.

जिवाणू अंड्यात शिरतो कसा? दोन दरवाजे आहेत

अंड्याच्या बाबतीत मुख्य आरोपी म्हणजे साल्मोनेला. सोबत ई. कोलायसारखे इतर जिवाणूही असतात, पण अंड्यातून होणाऱ्या विषबाधेत साल्मोनेलाचं नाव सगळ्यात आधी येतं. जुलाब, उलट्या, पोटात कळा, ताप. धडधाकट माणूस बहुतेक वेळा काही दिवसांत बरा होतो. लहान मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि आधीच आजारी असलेल्यांना मात्र तो दवाखान्यात पोचवू शकतो.

पहिला दरवाजा बाहेरचा. अंड्याचं कवच आपल्याला भिंतीसारखं घट्ट वाटतं, पण त्यावर हजारो बारीक छिद्रं असतात, साधारण सात ते सतरा हजार. आतल्या पिलाला श्वास घेता यावा म्हणून निसर्गाने ती ठेवली आहेत. या छिद्रांवर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो दारावरच्या पडद्यासारखं काम करतो. अंड्याला विष्ठा लागली, अंडं ओलं राहिलं किंवा तो थर खरवडला गेला, की जिवाणूंना वाट मोकळी होते.

दुसरा दरवाजा आतला, आणि तो जास्त फसवा आहे. साल्मोनेलाचा 'एन्टेरिटायडिस' नावाचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच मुक्काम करतो. अशा कोंबडीच्या अंड्यात कवच तयार होण्याआधीच जिवाणू शिरलेला असू शकतो. कोंबडी खातेपिते, अंडी देते, आजारी दिसत नाही. अंडं बाहेरून चकचकीत असतं. वास नाही, रंगात फरक नाही.

इथे एक गैरसमज काढून टाका. अंडं पाण्यात टाकून तरंगतं का ते बघतात ना, त्या परीक्षेतून अंडं किती जुनं आहे एवढंच कळतं. आत जिवाणू आहे की नाही ते कळत नाही. तपकिरी कवच, पिवळाधमक बलक, 'गावरान' नाव, यातलं काहीच सुरक्षिततेचा पुरावा नाही. परसातली कोंबडी शेणाच्या ढिगाजवळ अंडं घालत असेल, तर तिच्या अंड्यालाही तोच धोका आहे.

आता थोडी चांगली बातमी. अंड्याकडे स्वतःचं संरक्षणही आहे. पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचं जिवाणू मारणारं प्रथिन असतं. ते शोधणारा माणूस कोण माहितीय? अलेक्झांडर फ्लेमिंग. त्यांनी १९२२ मध्ये लायसोझाइमबद्दल लिहिलं आणि पुढे १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं. पण साल्मोनेला या संरक्षणातूनही तग धरू शकतो. अंडं जुनं झालं आणि उकाड्यात राहिलं, की बलकाभोवतीचा पडदा सैल पडतो, आतलं पोषण बाहेर झिरपतं आणि जिवाणूंची पंगत बसते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात टेम्पोत उन्हात उभी असलेली अंडी आणि सावलीत, थंड जागी ठेवलेली अंडी, दोन्हींचा भाव एक असला तरी माल एक नसतो.

दुकानातला ट्रे: कोइमतूरची गोष्ट

२००६ मध्ये तामिळनाडूतल्या कोइमतूर शहराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी वर्षभर किरकोळ बाजारातून अंडी आणि अंड्यांचे ट्रे गोळा करून तपासले. ४९२ अंड्यांपैकी ७.७ टक्के अंड्यांत साल्मोनेला सापडला. त्याची फोड अशी: कवचावर ५.९ टक्के, आतल्या भागात १.८ टक्के.

आणि ट्रेमध्ये किती? ७.५ टक्के.

हा तिसरा आकडा नीट बघा. अंड्यांच्या आणि ट्रेच्या दूषित होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. कागदी लगद्याचा ट्रे आपण काय करतो? अंडी उतरवली, रिकामा ट्रे परत फार्मवर, तिथून दुसऱ्या दुकानात. फुटलेल्या अंड्याचा डाग वाळलेला, तरी चालतोय तोवर वापरतो. कागदी ट्रे धुता येत नाही. म्हणजे एका फार्मची घाण गावभर फिरवायची व्यवस्था आपण स्वतःच करून ठेवतो.

त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही समोर आली. सापडलेल्या जिवाणूंवर वेगवेगळी अँटिबायोटिक्स वापरून पाहिली, तेव्हा अँपिसिलिन, निओमायसिन, पॉलिमिक्सिन-बी आणि टेट्रासायक्लिन या औषधांना त्यांनी मोठ्या प्रमाणावर दाद दिली नाही. अभ्यास एका शहराचा आणि जुना आहे, त्यामुळे तो आकडा आज जसाच्या तसा तुमच्या गावाला लावू नका. पण तो कुठे बोट ठेवतो ते मात्र लक्षात ठेवा: कवच, ट्रे आणि औषध.

रेझिस्टन्स म्हणजे नेमकं काय?

शेतकरी कुटुंबातल्या मित्रांना हे पटकन कळेल. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी मरायची. पुढे काय झालं? त्या विषाला पुरून उरलेल्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पैदास वाढली, आणि २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाचंच नुकसान केलं. जिवाणूंचं असंच आहे. औषध कमी मात्रेत, पुन्हा पुन्हा दिलं की कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात, आणि शेड त्या चिवटांच्या ताब्यात जातं.

फरक एवढाच की बोंडअळी हा गुण आपल्या पिल्लांनाच देते. जिवाणू मात्र शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही तो देऊ शकतो. औषधाला चकवायची युक्ती लिहिलेला जनुकीय कागद एकाने दुसऱ्याच्या हातात द्यावा, तसं.

फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच हा इशारा दिला होता: अपुऱ्या मात्रेत औषध घेतलं तर जंतू त्याला सरावतात. जगभरात २०१९ या एका वर्षात अशा औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. हे सगळं अंड्यामुळे झालं असं कुणी म्हणत नाही. माणसांनी मनाने घेतलेल्या गोळ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण प्राण्यांना दिलेली औषधं हाही त्यातला एक धागा आहे.

कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. आयसीयूमधल्या रुग्णावर बाकी काही चालत नाही, तेव्हा डॉक्टर ज्या शेवटच्या औषधांकडे वळतात त्यातलं हे एक. आणि हेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढावं म्हणून मिसळलं जायचं! २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कोलिस्टिनला निकामी करणारा आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारा जनुक त्यांना सापडलाय. त्यानंतर चीनने खाद्यातला त्याचा वापर थांबवला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्य उत्पादनासाठीच्या जनावरांसाठी, पोल्ट्रीसाठी, मत्स्यपालनासाठी आणि पशुखाद्यासाठी कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं.

दुसरं उदाहरण एनरोफ्लॉक्सासिन. पोल्ट्रीत हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कोंबडीच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो, म्हणजे आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यातली 'सिप्रो'. अमेरिकेने २००५ मध्येच कोंबड्यांसाठी एनरोफ्लॉक्सासिनवर बंदी आणली.

अवशेष वेगळे, रेझिस्टन्स वेगळा

या दोन शब्दांची लोक गल्लत करतात, म्हणून स्पष्ट करून घेऊ.

अवशेष म्हणजे कोंबडीला दिलेल्या औषधाचा अंश अंड्यात उतरणं. उकळलं म्हणून हा अंश पूर्ण नाहीसा होईल याची खात्री नाही. तो टाळायचा तर फार्मवरच टाळावा लागतो.

रेझिस्टन्स हा जिवाणूचा गुण आहे. आणि इथे दिलासा असा की औषधाला न जुमानणारा जिवाणूसुद्धा उष्णतेला जुमानतो. अंडं नीट शिजलं, पांढरा आणि पिवळा दोन्ही भाग घट्ट झाले, की साधा आणि चिवट दोन्ही साल्मोनेला मरतात. धोका राहतो तो कच्च्या-अर्धकच्च्या अंड्यात, आणि कच्च्या अंड्याचे हात, भांडी, ट्रे दुसऱ्या पदार्थांना लागतात तिथे.

डिसेंबर २०२५ मध्ये अंड्यांत नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या औषधाचे अवशेष असल्याच्या चर्चेने समाजमाध्यमं ढवळून निघाली. तो मुद्दा अवशेषांचा होता. एफएसएसएआयला स्पष्टीकरण द्यावं लागलं की देशातली अंडी खाण्यास सुरक्षित आहेत, पोल्ट्रीत नायट्रोफ्युरान वापरायला बंदीच आहे, आणि किलोमागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा फक्त तपासणीसाठी आहे, ती वापराची परवानगी नव्हे. धंदेवाल्याने यातून काय घ्यायचं? एक व्हिडिओ फिरला आणि ज्यांनी कधी ते औषध पाहिलंही नाही अशांनाही ग्राहकाला उत्तरं द्यावी लागली. तेव्हा ज्यांच्याकडे नोंदवही होती, त्यांच्याकडे उत्तर होतं.

आता तो हिशोब: बारा दिवसांचा

वही-पेन घ्या. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा ५०० कोंबड्या आहेत आणि ८० टक्के उत्पादन आहे. रोज ४०० अंडी. फार्मवर ६ रुपये भाव धरू. रोजची विक्री २,४०० रुपये.

कोंबड्या शिंकायला लागल्या. औषध दुकानदार म्हणतो, "दादा, ही पावडर पाच दिवस पाण्यातून द्या, बघा कशा टुणटुणीत होतात." पावडर काही शे रुपयांची. स्वस्त वाटते.

पण औषध दिल्यावर ते शरीरातून बाहेर जाईपर्यंत थांबावं लागतं. याला विथड्रॉल पिरियड म्हणतात, आपण 'थांबण्याचे दिवस' म्हणू. २०१२ पासून आपल्याकडे नियम आहे: औषधाच्या लेबलवर हे दिवस लिहिलेले असावेत, आणि लिहिलेले नसतील तर अंड्यासाठी किमान ७ दिवस धरायचे. लेबलवर जास्त असतील तर जास्त. लेबलवर 'अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी नाही' असं असेल तर विषयच संपला, द्यायचंच नाही.

औषधाचे ५ दिवस अधिक थांबण्याचे ७ दिवस, एकूण १२ दिवस. ४०० गुणिले १२ म्हणजे ४,८०० अंडी. ६ रुपयांनी २८,८०० रुपये. आणि या काळात खाद्य थांबत नाही. कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅम धरलं तर रोज ५५ किलो, १२ दिवसांत ६६० किलो.

म्हणजे ती काही शे रुपयांची पावडर खरी २८,८०० रुपयांची आहे! आणि कोंबड्यांना झालेला आजार राणीखेतसारखा विषाणूचा असेल, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात, तर अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही. म्हणजे पैसेही गेले, पक्षीही गेले.

मग पावडर लोकांना स्वस्त का वाटते? कारण बरेच जण ते १२ दिवस पाळतच नाहीत. अंडी गुपचूप विकली जातात. २८,८०० रुपयांचं बिल फाडलं जातं, फक्त ते दुसऱ्याच्या नावावर. लहान पोराच्या ताटात औषधाचा अंश जातो, शेडमध्ये चिवट जिवाणू वाढतात, आणि पुढच्या वेळी तीच पावडर तुमच्याच कोंबड्यांवर चालत नाही. मग डोस वाढवा, नाहीतर नवं, महाग औषध आणा.

गैरसमज नको. आजारी पक्ष्याला औषध द्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. पशुवैद्यकाने तपासून, निदान करून, चिठ्ठी लिहून दिलेलं औषध पूर्ण मात्रेत द्या आणि थांबण्याचे दिवस पाळा. ती अंडी विकायची नाहीत, घरात खायची नाहीत, शेजारच्या मावशींना फुकटही द्यायची नाहीत. हा खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'आकस्मिक' म्हणून आधीच धरा. मग लसीकरण, चुना, फूटबाथ, उंदरांचा बंदोबस्त यांचा खर्च डोळ्यांना टोचणार नाही. २८,८०० च्या शेजारी तो खर्च ठेवून बघा, म्हणजे कळेल.

कायदाही कडक होतोय. १ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआयने अंडी, दूध, मांस आणि मासे यांच्या उत्पादनात मनाई असलेल्या अँटिबायोटिक्सची यादी वाढवली आहे. 'सगळेच देतात' हे उत्तर तपासणीत चालणार नाही.

दोन देश, दोन धडे

३ डिसेंबर १९८८. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी टीव्हीवर म्हणाल्या की देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनाला साल्मोनेलाची लागण झाली आहे. विधान फुगवलेलं होतं, पण लागण खरी होती. अंड्यांची विक्री निम्म्याहून जास्त कोसळली. सुमारे ४० लाख कोंबड्या माराव्या लागल्या. दोन आठवड्यांत, १६ डिसेंबरला, मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

मंत्री गेल्या, पण ग्राहक लगेच परत आला का? नाही. तिथल्या उत्पादकांनी १९९८ मध्ये 'लायन' नावाची व्यवस्था सुरू केली. कोंबड्यांना साल्मोनेलाची लस, स्वच्छतेचे नियम, बाहेरून तपासणी, आणि प्रत्येक अंड्यावर सिंहाचा शिक्का व तारीख. अंडं कुठल्या फार्मवरून आलं ते शोधता येईल अशी नोंद. साल्मोनेलाच्या केसेस झपाट्याने उतरल्या. २०१७ मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा संस्थेने सल्ला बदलला: लायन शिक्क्याची अंडी गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्धांनी अर्धकच्ची खाल्ली तरी चालेल. विश्वास गेला दोन आठवड्यांत, पूर्ण परत यायला जवळपास २९ वर्षं लागली. (हा सल्ला त्या शिक्क्याच्या अंड्यांपुरता आहे. आपण तो आपल्या अंड्यांना लावायचा नाही.)

दुसरा धडा अमेरिकेचा. २०१० मध्ये आयोवा राज्यातल्या दोन कंपन्यांना साल्मोनेलामुळे ५० कोटींहून जास्त अंडी बाजारातून परत मागवावी लागली. हजारो कुटुंबांना त्रास झाला. त्यातल्या एका कंपनीने निरीक्षकाला लाच दिल्याचं आणि अंड्यांवर चुकीच्या तारखा टाकल्याचंही कबूल केलं. २०१५ मध्ये कंपनीला ६८ लाख डॉलर दंड, आणि मालक व त्याच्या मुलाला प्रत्येकी तीन महिने तुरुंगवासाची शिक्षा. कोट्यवधी कोंबड्यांचा धनी असो की ५०० कोंबड्यांचा, अंड्यावरच्या तारखेला तोच जबाबदार.

तुम्ही काय करायचं?

*फार्म सुरू करणार असाल तर:*

१. पिल्लं किंवा पुलेट घेताना लसीकरणाचं कार्ड मागा. साल्मोनेलासाठी आपल्या भागात कोणती लस किंवा तपासणी योग्य, ते पशुवैद्यकाला विचारा.

२. खाद्य विक्रेत्याकडून लेखी घ्या की खाद्यात अँटिबायोटिक मिसळलेलं नाही. बऱ्याच जणांना आपण नकळत काय खाऊ घालतोय हेच माहीत नसतं.

३. उंदीर-घुशींचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून. एका शेडमधला साल्मोनेला दुसऱ्या शेडमध्ये पोचवायला उंदीर पुरेसा असतो.

४. शेडच्या दारात फूटबाथ, शेडसाठी वेगळ्या चपला. पाहुण्यांना 'फार्म दाखवतो' हा उत्साह आवरा.

५. अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करा. तूस किंवा घरट्यातलं गवत कोरडं ठेवा. घाणेरडी आणि तडकलेली अंडी वेगळ्या टोपलीत.

६. सरसकट अंडी धुऊ नका. थंड पाण्यात बुडवलं की अंड्यातला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. थोडा डाग असेल तर कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. धुवायचंच असेल तर पाणी अंड्यापेक्षा गरम हवं, जंतुनाशक खाद्यपदार्थांना चालणारं हवं, आणि अंडं लगेच कोरडं करून थंड ठेवता आलं पाहिजे. युरोपात दुकानातली उत्तम प्रतीची अंडी न धुता विकतात. अमेरिकेत धुतात पण मग थंड साखळी तुटू देत नाहीत. अर्धवट दोन्ही करणं सगळ्यात वाईट.

*अंडी विकत घेऊन विकणार असाल तर:*

१. प्लॅस्टिकचे ट्रे घ्या, धुवा, उन्हात वाळवा. कागदी ट्रे वापरणार असाल तर एकदाच.

२. आधी आलेला माल आधी विका. ट्रेवर तारीख आणि फार्मचं नाव मार्करने लिहा.

३. फ्रीजमधली अंडी बाहेर काढून पुन्हा आत, असं करू नका. कोकणात आणि पावसाळ्यात कवचावर घाम धरतो, आणि ओलं कवच म्हणजे जिवाणूंना आमंत्रण.

४. उलाढालीप्रमाणे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना घ्या. 'अँटिबायोटिक-फ्री' लिहायचं असेल तर हातात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणि फार्मच्या नोंदी हव्यात. पुराव्याशिवाय दावा करणं हा नियमभंग आहे.

*गाडी, कॅफे किंवा घरगुती किचन चालवणार असाल तर:*

१. कच्च्या अंड्याचं मेयोनीज घरी बनवून विकू नका. केरळने २०२३ च्या जानेवारीत त्यावर बंदी घातली, तेलंगणने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी. पाश्चराइज्ड अंड्याचं किंवा अंडं नसलेलं तयार मेयो वापरा, आणि उघडलेली बाटली थंड ठेवा.

२. गर्दीच्या आधी पातेलंभर अंडी फोडून ठेवायची सवय मोडा. पन्नासातलं एक दूषित असलं तर पन्नासही दूषित. ऑर्डर आली की फोडा.

३. अंडं फोडलेल्या हाताने पाव, कांदा, कोथिंबीर धरू नका. टरफलांचा डबा कापण्याच्या फळीपासून लांब.

४. हाफ फ्राय मागणाऱ्याला नाही म्हणता येत नसेल, तर निदान लहान मुलांना आणि गरोदर बाईला पूर्ण शिजवलेलंच द्या. आतलं तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की निर्धास्त.

सगळ्यात स्वस्त यंत्र: नोंदवही

वीस-तीस रुपयांची वही. रोज एक ओळ: तारीख, गोळा केलेली अंडी, तडकलेली, घाणेरडी, कुणाला विकली. औषध दिलं असेल तर लाल पेनाने: औषधाचं नाव, मात्रा, पशुवैद्यकाचं नाव, पहिला डोस, शेवटचा डोस, आणि 'या तारखेनंतरच विक्री'.

या वहीचे तीन फायदे. एक, आजार कधी येतो ते महिन्या-दोन महिन्यांत दिसायला लागतं. दोन, तडकलेल्या अंड्यांचा खरा आकडा कळतो. रोज ४०० पैकी फक्त ३ टक्के तडकली तरी महिन्याला ३६० अंडी, म्हणजे २,१६० रुपये कचऱ्यात. तीन, हॉटेलवाला किंवा सोसायटीतला ग्राहक विचारतो "दादा, औषध तर मारत नाही ना?", तेव्हा तुम्ही शपथ घेत नाही, वही उघडून दाखवता. शपथ सगळेच घेतात. वही फार कमी जण दाखवतात. दोन पैसे जास्त भाव मागायचा हक्क तिथून येतो.

या आठवड्याचं काम

धंदा अजून सुरू केला नसेल तर जवळच्या एका फार्मवर आणि एका अंड्याच्या दुकानात जा. ट्रे कसे आहेत, अंडी उन्हात आहेत का, औषध कोण ठरवतं, ते नम्रपणे विचारा आणि लिहून आणा. मग वरचा बारा दिवसांचा हिशोब तुमच्या पक्ष्यांच्या संख्येने आणि तुमच्या भावाने मांडा. तो खर्च धरूनही धंदा नफ्यात दिसत असेल तर बिनधास्त पुढे जा. तो खर्च धरल्यावर नफा गायब होत असेल, तर तुमचा नफा ग्राहकाच्या तब्येतीतून येणार होता. अशा वेळी पक्ष्यांची संख्या, भाव किंवा ग्राहक बदलून हिशोब पुन्हा करा.

तुमचा आलेला आकडा कमेंटमध्ये नक्की टाका. मोजकी उदाहरणं घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण एकत्र सोडवू.